रोझा पार्क्स दमल्या नव्हत्या

काकू, नमस्कार.

नऊ वर्षांच्या नातीला अमेरिकेतल्या काळ्या गुलामांचे लिलाव आणि मायलेकरांची ताटातूट इतक्यात कळू नये, 'एक दमलेली बाई बसमधल्या जागेवरून उठली नाही आणि कायदा बदलला' एवढं पुरे, असं तुम्ही लिहिलंत. शिवाय, अमेरिकेचं हे आपल्या मुलांना कशाला, असंही विचारलंत.

चाबकाच्या वळांची चित्रं या वयात मीही दाखवणार नाही. पण ताटातूट गाळली तर गुलामगिरीत जन्मलेल्या आणि पुढे तिच्याविरुद्ध लढलेल्या फ्रेडरिक डग्लसचं बालपण सांगायचं कसं? तो तान्हा असतानाच त्याला आईपासून तोडलं. ती दुसऱ्या शेतावर राबायची आणि रात्री १२ मैल चालत येऊन लेकाला कुशीत निजवायची. तो जागा होण्याआधी तिला निघावं लागे, कारण उजाडताना शेतावर नसलं तर फटके. आई त्याला अशी चार-पाच वेळाच भेटली. मुलांना हे समजतं, काकू. आई सकाळी नसणं म्हणजे काय, ते त्यांना आपल्याहून जास्त समजतं.

पुढे बाल्टिमोरला मालकिणीने त्याला मुळाक्षरं शिकवायला घेतली. मालकाने ते बंद पाडलं: वाचायला शिकला तर हा गुलाम म्हणून राहायचा नाही. मग पोरगा घरातला पाव घेऊन बाहेर पडायचा आणि रस्त्यावरच्या भुकेल्या गोऱ्या पोरांना तो देऊन त्यांच्याकडून शिकायचा. गोष्ट इथवर आली की मुलं मला हटकून थांबवतात. "वाचलं तर काय बिघडतं?" त्या आवाजात भीती नसते, राग असतो.

'दमलेली बाई' मात्र मला फार खटकते. गुलामगिरी संपल्यावरही अमेरिकेतल्या मोंटगोमेरी शहरात काळ्यांना बसमध्ये गोऱ्यांसाठी जागा सोडावी लागे; ती न सोडणारी बाई म्हणजे रोझा पार्क्स. त्या तिथल्या एनएएसीपी या काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या शाखेच्या चिटणीस होत्या, अनेक वर्षांच्या कार्यकर्त्या. कंटाळा आला होता तो दबून राहण्याचा, असं त्यांनीच सांगितलंय. त्याच शहरात नऊ महिने आधी १५ वर्षांची क्लॉडेट कोल्विन जागेवरून न उठल्याबद्दल पकडली गेली होती. आणि पार्क्सबाईंच्या अटकेनंतर ३८१ दिवस हजारो माणसांनी बसवर बहिष्कार टाकला, कित्येक जण कामाला चालत गेले. हे सगळं गाळून नुसती दमणूक ठेवली, तर त्या माणसांचा विचार आणि तयारीच आपण पुसून टाकतो.

आपल्या मुलांना कशाला? १८७३ साली जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना. पुण्यात बसून त्यांना ती लढाई परकी वाटली नव्हती.

नातीला एकदा त्या पावाची गोष्ट सांगून बघा. ती काय विचारते, ते मला जरूर कळवा.