ओकायामात सुट्टे

सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात मी वर्षानुवर्षं फिरायला जातो. ते ज्या बागेवरून बेतलंय ती कोराकुएन बाग जपानात ओकायामाला आहे, हे कळल्यापासून ती एकदा बघायचीच, असं डोक्यात होतं. ओसाकाहून शिंकानसेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, पाऊण तासात पोचलोही. पुढे स्टेशनसमोरून ट्राम, तिसरा थांबा शिरोशिता, मग थोडं पायी. बायकोने सगळं पाठ केलं होतं. ट्राममधून उतरायचं कसं, तेवढं सोडून.

चढायचं मागून, उतरायचं पुढून, आणि उतरताना ड्रायव्हरशेजारच्या पेटीत भाडं टाकायचं. कंडक्टर नाहीच. ही पेटी सुट्टे करून देते, पण उरलेले परत देत नाही. या दोन गोष्टींतला फरक मला शिरोशिताला कळला.

पहिलं दिसलं त्या भोकात मी पाचशे येनचं नाणं टाकलं. खाली खळखळ करत चिल्लर आली. मोजून घेणं परमुलखात बरं दिसत नाही, म्हणून तशीच खिशात घातली, वाकून ‘आरिगातो’ म्हटलं आणि पायरी उतरलो. ड्रायव्हर मागून काहीतरी म्हणाला. मला वाटलं, निरोप देतोय. मी पुन्हा वाकलो. तो पुन्हा बोलला. मी आणखी खाली वाकलो.

“अहो, वाकताय काय! तो पैसे मागतोय!” आतून बायको.

म्हणजे पेटीने माझेच पाचशे मला मोडून दिले होते. भाडं शेजारच्या भोकात टाकायचं होतं. मी परत चढून खिसा तळहातावर रिकामा केला. पन्नासाच्या नाण्याला भोक, पाचाच्याही नाण्याला भोक, आणि पाचाच्या नाण्यावर आपल्याला वाचता येईल असा आकडाच नाही! अख्खी ट्राम थांबलेली, पण कुणी हूं की चूं करेना. एखादा “ओ काका, आटपा की लवकर” म्हणाला असता, तर जिवाला जरा बरं वाटलं असतं. शेवटी मागच्या एक आजी पुढे आल्या आणि तांदळातले खडे निवडावेत तशी माझ्या तळहातावरून एकेक नाणी उचलून त्यांनी पेटीत टाकली.

बाग अर्थात सुंदर. कोराकुएन 1700 साली पूर्ण झालेली; लांबरुंद हिरवळ, तळी, नदीपलीकडे काळाकुट्ट किल्ला. त्याला तिथेही कावळ्याचा किल्ला म्हणतात. पण माझं अर्धं लक्ष परतीच्या भाड्यात.

“अगदी आपल्या सिंहगड रोडसारखीच आहे हो,” बायको म्हणाली. तीनशे वर्षांच्या बागेने ते मुकाट्याने ऐकून घेतलं.

परतीच्या ट्राममध्ये मी नेमके पैसे मोजून मुठीत घट्ट धरून बसलो. स्टेशन आलं, रांग पुढे सरकली. पाहतो तर सकाळचाच ड्रायव्हर! त्यानेही मला ओळखलं असावं. मी मूठ उघडायच्या आत त्याचं पांढऱ्या हातमोज्यातलं बोट बरोबर त्या भोकाशी जाऊन थांबलं होतं.