मुलगा नाही, मग सोडवणार कोण?

आज सकाळी मैत्रिणीच्या वडिलांच्या दहाव्याला गेले होते. सगळं तीच करत होती, ओली साडी, बोटात दर्भाचं पवित्रक, गुरुजी सांगतील तसं तीळपाणी सोडत होती. आणि माझ्या मागे उभ्या एक काकू अगदी सहज, भाजीचा भाव सांगावा तशा म्हणाल्या, "मुलगा असता तर बरं झालं असतं हो, आता पुं नरकातून कोण सोडवणार त्यांना?"

घाटावर होते म्हणून गप्प बसले. इथे नाही बसणार.

बाबा गेले तेव्हा हेच ऐकलंय मी. पिंड ठेवून पाऊण तास झाला तरी कावळा शिवेना. समोर पिंपळावर दहा-बारा बसलेले, एक खाली येईल तर शप्पथ! सगळे एकेक करून हात जोडून सांगतायत, आईला सांभाळू, घर सांभाळू. मी मनात म्हटलं बाबा, गॅसचं पुस्तक सापडलं हो, कपाटाच्या वरच्या खणात होतं (शेवटच्या आठवड्यात त्यांनी तोच घोर लावून घेतला होता). तरी नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला आणि आत्या सगळ्यांदेखत म्हणाली, "मुलीचा हात लागला ना, म्हणून."

त्या रागात मी वाचायला बसले होते. पुत् (काकूंचा 'पुं' तोच) नावाच्या नरकातून तारतो तो पुत्र, हा मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायातला १३८वा श्लोक, सगळ्यांना पाठ. पुढचाच १३९वा कुणी वाचलाय? मुलीचा मुलगाही मुलाच्या मुलासारखाच तारतो. आणि त्याआधी १३०व्यात 'पुत्रेण दुहिता समा', मुलगी मुलासारखीच. मान्य, तिथे विषय वारसाहक्काचा आहे, आणि मनूने बायकांबद्दल बाकी काय लिहिलंय तेही माहितीये, वकिली करत नाहीये. पण सोयीची ओळ तेवढी उचलून लेकीच्या तोंडावर मारायची? भागवताच्या पाचव्या स्कंधात २८ नरकांची यादी आहे, रौरव, कुंभीपाक, असिपत्रवन सगळे आहेत, पुत् नाहीच त्यात. तिथे ज्याचं जसं कर्म तसा नरक, जिवंत पशुपक्षी शिजवणारा कुंभीपाकात वगैरे. मुलगा झाला नाही हा काय गुन्हा आहे?

मला मार्कंडेय पुराणातला विपश्चित राजा आवडतो. एका चुकीपायी थोडा वेळ नरकात नेलेला. निघताना कळतं की ह्याच्या अंगावरून येणाऱ्या वाऱ्याने तिथल्यांना बरं वाटतंय, तर हा म्हणतो मग मी नाही येत, इथेच थांबतो. न्यायला खुद्द इंद्र आणि धर्म येतात, तरी हलत नाही, शेवटी त्याच्या पुण्याईने ते सगळे सुटतात. त्यातल्या एकाचाही तो मुलगा नव्हता.

आत्याचा आता तितका राग येत नाही. तिचा भाऊ गेला होता. घरात गरुडपुराण लावलेलं, रोज यमदूत, वैतरणी, तापलेली वाळू ऐकून माणूस घाबरणारच, कुणावर तरी ढकलणारच. कळतं मला. पण सात महिने मी बाबांना उचलून बाथरूमला नेत होते तेव्हा ही आत्या... जाऊ दे.

तर आज. मैत्रिणीने पिंड ठेवून हात जोडले, दोन मिनिटंही झाली नसतील, कावळा आला आणि भात उचलून गेला. मी मानत नाही ह्यातलं काही. पण मागे वळून काकूंकडे बघितलं. बघितलंच.