बॅलटच्या तळाची नावं

नोव्हेंबर २०१४. नागरिकत्वाची शपथ घेऊन काही महिने झाले होते आणि अमेरिकेतलं माझं पहिलंच मतदान होतं. गव्हर्नर म्हणून कोणाला मत द्यायचं ते घरून ठरवून गेले होते, ते दिलं. मग पुढचं पान आलं, त्याच्या पुढचं आलं, आणि पानं संपेचनात. टेक्सासचं सर्वोच्च न्यायालय, फौजदारी अपील न्यायालय, जिल्हा न्यायालयं, काउंटीची (काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखी) न्यायालयं. एकेका खुर्चीसाठी माणसं उभी, आणि प्रत्येकाच्या नावाशेजारी पक्ष. मी पडद्यासमोर तशीच उभी राहिले. न्यायाधीशाला मत कसं द्यायचं? कशावरून द्यायचं? एकही नाव ओळखीचं नव्हतं. सगळ्या जागा कोऱ्या सोडून बाहेर आले.

मी संगमनेर तालुक्यातली. आजोबांच्या जमिनीच्या वाटणीचा दावा माझ्या बालपणभर चालू होता. वडील कोर्टातून आले की पायरीवर चपला काढता काढता आईला एवढंच सांगायचे, "तारीख पडली." कधी सांगायचे, "साहेब बदलले, आता नवे आलेत, परत पहिल्यापासून." खुर्चीवर कोण बसणार हे आमच्या हातात नव्हतं, आणि ते आमच्या हातात असावं असं आमच्यापैकी कुणाच्या मनातही आलं नाही. त्या रात्री फोनवर वडिलांना सांगितलं की इथे जजला निवडून देतात. ते जरा वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "जज दारोदार मतं मागायला लागला तर ज्याच्या दारात गेला नाही त्यानं काय करायचं?"

हा प्रश्न मी गेली कित्येक वर्षं बाळगून आहे. ह्यूस्टन, शुगर लँड, केटी, पेअरलँडकडे राहणाऱ्या मराठी मित्रमैत्रिणींशी त्याबद्दल मोकळेपणानं बोलावं म्हणून हे लिहितेय. राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत आपले ग्रुप रात्र रात्र जागतात. मे महिन्यात शाळा मंडळाची, म्हणजे आपल्या भागातल्या सरकारी शाळांचा कारभार बघणाऱ्यांची, निवडणूक असते तेव्हा त्याच ग्रुपवर आंब्याच्या पेट्यांची चौकशी चालू असते. आंबे मलाही हवेत. पण मुलांची शाळा, घराचा कर आणि कधी कोर्टात जावं लागलंच तर समोर बसणारा माणूस, हे सगळं बॅलटच्या, म्हणजे मतपत्रिकेच्या, तळाशी ठरतं.

शुगर लँडमधल्यांना २०१८ आठवत असेल. फोर्ट बेंड शाळा जिल्ह्याचं (शाळा जिल्हा म्हणजे एका भागातल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था) जेम्स रीस तंत्रशिक्षण केंद्र बांधायला घेतलं होतं. फेब्रुवारीत खोदकामात माणसाची हाडं लागली. एक थडगं, मग दुसरं, असं करत ९५ माणसं सापडली. गुलामगिरी कागदावरून गेल्यानंतर टेक्सास सरकार कैदी भाड्यानं देत असे, उसाच्या मळ्यांवर राबायला. त्यात बहुतेक काळी माणसं, किरकोळ गुन्ह्यांत पकडलेली, काही तर मुलगेच. या गावाच्या नावात जी साखर आहे तिच्यात त्यांचेही कष्ट आहेत. रेजिनाल्ड मूर नावाचे एक गृहस्थ होते, पूर्वी तुरुंगात रक्षक म्हणून काम केलेले. ते वर्षानुवर्षं सांगत होते की या भागात कैद्यांची थडगी असणार, जपून खणा. त्यांचं म्हणणं फारसं कुणी मनावर घेतलं नाही.

या अवशेषांचं काय करायचं, हे कुणी ठरवायचं होतं? वॉशिंग्टननं नाही, ऑस्टिननंही नाही. जमीन शाळा जिल्ह्याची, म्हणून आधी शाळा मंडळानं. मंडळाचा पहिला विचार अवशेष जवळच्या जुन्या तुरुंग-दफनभूमीत हलवायचा होता. लोकांचा विरोध झाला, प्रकरण जिल्हा न्यायालयात गेलं. शेवटी नोव्हेंबर २०१९ मध्ये त्या ९५ जणांना जिथे सापडले तिथेच पुन्हा मातीत ठेवलं. पुढच्याच वर्षी मूर गेले. मी त्या सगळ्या काळात बातम्या वाचत होते आणि मला एकच गोष्ट टोचत होती. मंडळावरचे ट्रस्टी (सदस्य) आणि कोर्टातला न्यायाधीश, दोघांच्याही नावासमोर मी आयुष्यात कधी खूण केली नव्हती. ती जागा मी कोरी सोडली होती.

तिथून मी मे महिन्याच्या निवडणुकीलाही जाऊ लागले. मंडळावर ७ ट्रस्टी. पगार नाही, टेक्सासच्या कायद्यानंच नाही. सगळ्या शाळांचा प्रमुख अधिकारी, म्हणजे अधीक्षक, नेमायचा, अंदाजपत्रक मंजूर करायचं, शाळेचा कर ठरवायचा, कोणत्या गल्लीतली मुलं कोणत्या शाळेत जाणार त्याच्या रेषा आखायच्या. आपल्या मालमत्ता कराच्या बिलात सगळ्यात मोठा आकडा बहुधा याच शाळा जिल्ह्याचा असतो, बिल काढून बघा. आणि मतदानाला इतके थोडे लोक येतात की दोन-चार वसाहतींनी मनावर घेतलं तर निकाल फिरतो.

याच सुमारास एक वकीलबाई ओळखीच्या झाल्या. नाव लिहीत नाही, ही माझी खाजगी आठवण आहे. इच्छापत्रं, दत्तक, घटस्फोट अशी कामं करणाऱ्या, आमच्या भागातल्याच. शाळा मंडळाला उभ्या होत्या आणि शनिवारी सकाळी दारात आल्या. मी त्यांना तासभर धरून ठेवलं. बसथांबा इतका लांब का? शाळा भरल्यात तरी नव्या घरांना परवानग्या मिळतातच कशा? विशेष मुलांच्या वर्गाला मदतनीस कमी का? त्यांनी एकही प्रश्न टाळला नाही. "कर कमी करते असं सांगणार नाही, खोटं ठरेल," हेही तोंडावर सांगितलं. मी त्यांना मत दिलं, सात-आठ मैत्रिणींना घेऊन गेले, त्या निवडून आल्या.

काही वर्षांनी त्याच बाई न्यायाधीशपदाला उभ्या राहिल्या. पुन्हा दारात आल्या, आणि मी पुन्हा प्रश्नांची यादी काढली. घटस्फोटात मुलांचा ताबा तुम्ही साधारण कुणाला द्याल? भाडेकरू आणि घरमालकाच्या भांडणात तुमचा कल कुठे? त्या शांतपणे म्हणाल्या, "ताई, याचं उत्तर मी दिलं तर तुम्ही मला मत देऊ नका." टेक्सासच्या न्यायिक आचारसंहितेत हे आहेच, समोर येऊ शकणाऱ्या खटल्याबद्दल उमेदवारानं वचन द्यायचं नाही. पण त्या ते नियम म्हणून सांगत नव्हत्या, मनापासून सांगत होत्या. तेव्हा मला वडिलांचा प्रश्न आठवला आणि पहिल्यांदा त्याचं अर्धं उत्तर सापडल्यासारखं वाटलं. मंडळाच्या उमेदवारात मी जो गुण शोधत होते, आपली बाजू घेऊन भांडण्याचा, तोच न्यायाधीशात मला नको होता. एकाच बाईंना मी दोनदा मत दिलं, पण दोन्ही वेळा अगदी उलट कारणांसाठी.

म्हणून माझं मत स्पष्ट सांगते. शाळा मंडळ निवडणुकीनंच ठरावं, त्यात मला तिळमात्र शंका नाही. न्यायाधीश पक्षाच्या चिन्हाखाली निवडणं मात्र चूक आहे असं मी आता ठामपणे मानते.

ही पद्धत वाईट हेतूनं आलेली नाही, हे मुद्दाम सांगायला हवं. १८३२ मध्ये मिसिसिपीनं सगळे न्यायाधीश लोकांकडून निवडायला सुरुवात केली, टेक्सासनं १८५० मध्ये. सत्तेतल्यांनी आपल्या माणसांना खुर्च्या वाटू नयेत, न्यायाधीशानं गव्हर्नरच्या मर्जीवर जगू नये, म्हणून लोकांनी तो हक्क मागून घेतला. भारतात कॉलेजियमवरून, म्हणजे न्यायमूर्तींनीच नवे न्यायमूर्ती सुचवायच्या पद्धतीवरून, जे वाद होतात ते ऐकणाऱ्याला ही तळमळ परकी वाटणार नाही. पण निवडणूक आली की प्रचार आला, प्रचार आला की पैसा आला. वेस्ट व्हर्जिनियात एका कोळसा कंपनीविरुद्ध ५ कोटी डॉलरचा निकाल लागला होता. अपील राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात जाणार होतं. २००४ मध्ये त्याच न्यायालयाच्या निवडणुकीत त्या मॅसी कंपनीच्या प्रमुखानं, डॉन ब्लँकनशिपनं, ब्रेंट बेंजामिन या उमेदवारासाठी सुमारे ३० लाख डॉलर ओतले. बेंजामिन निवडून आले, खटल्यातून बाजूला व्हायला नकार दिला, आणि निकाल कंपनीच्या बाजूनं फिरला. २००९ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं की त्यांनी बाजूला व्हायला हवं होतं. चार न्यायमूर्तींना तेवढंही पटलं नाही, हे वाचून मी हादरले होते. २०२५ मध्ये विस्कॉन्सिनमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या एका खुर्चीसाठी १० कोटी डॉलरच्या आसपास खर्च झाला. एका खुर्चीसाठी!

सँड्रा डे ओकॉनर हे नाव पुष्कळांना माहीत आहे, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातल्या पहिल्या महिला न्यायमूर्ती. १९७४ मध्ये त्या ॲरिझोनात मॅरिकोपा काउंटीच्या न्यायालयावर चक्क निवडणूक लढवून आल्या होत्या. निवृत्तीनंतर मात्र त्यांनी न्यायाधीशांच्या निवडणुका बंद व्हाव्यात म्हणून वर्षानुवर्षं देशभर भाषणं केली. ज्या दारातून स्वतः आत आल्या तेच दार बंद करा म्हणायला धैर्य लागतं. टेक्सासच्याही एकाहून अधिक मुख्य न्यायमूर्तींनी पक्षचिन्हावरच्या निवडणुकीविरुद्ध जाहीरपणे सांगितलंय. कारण आपण डोळ्यांनी बघितलंय. २०१८ मध्ये हॅरिस काउंटीत, म्हणजे ह्यूस्टनमध्ये, लोकांनी एकच बटण दाबून एका पक्षाच्या सगळ्या उमेदवारांना मत दिलं आणि दुसऱ्या पक्षाचे निवडणुकीला उभे असलेले न्यायाधीश झाडून सगळे गेले. चांगले, वाईट, कष्टाळू, आळशी, सगळे एका झाडूनं. त्याच लाटेत १७ कृष्णवर्णीय महिला न्यायाधीश झाल्या, तो फोटो बघून मी रडले होते, आणि तरीही सांगते की कुणाचंही काम न बघता कुणालाही घालवणं बरोबर नाही. ते एका बटणाचं मतदान २०२० पासून बंद झालंय. नावाशेजारचा पक्ष तसाच आहे.

पण हेही खरं की याच पद्धतीमुळे काही माणसं आत येऊ शकली, जी कुठल्याही गव्हर्नरच्या यादीत बसली नसती. सुरेंद्रन पट्टेल यांची गोष्ट वाचली असेल. केरळातल्या कासरगोडचे, गरिबीमुळे लहानपणी विड्या वळलेले. कोझिकोडला वकिली शिकले, २००७ मध्ये परिचारिका असलेल्या बायकोच्या नोकरीमुळे ह्यूस्टनला आले, इथे पुन्हा कायदा शिकले. २०१७ मध्ये नागरिक झाले आणि २०२२ मध्ये आमच्या फोर्ट बेंड काउंटीत २४० व्या जिल्हा न्यायालयाचे न्यायाधीश म्हणून निवडून आले. त्यांच्या उच्चारांवरून त्यांना ऐकवणारे होतेच. ती बातमी वाचताना मला माझी आत्या दिसली. संगमनेरात, मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, हात चालू आणि तोंडानं माझे पाढे म्हणून घेणं चालू. खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे मिळायचे नाहीत. विड्या वळणारा हात पुढे निकालपत्रावर सही करतो, हे आत्याला सांगायचं राहून गेलं.

याच काउंटीत जूली मॅथ्यू २०१८ मध्ये न्यायाधीश झाल्या, त्याही मल्याळी. के. पी. जॉर्ज २०१४ मध्ये आधी शाळा मंडळावर आणि २०१८ मध्ये काउंटी जज म्हणून निवडून आले. (नावात जज असलं तरी एवढ्या मोठ्या काउंटीत ते पद मुख्यतः कारभाराचं, साधारण जिल्हा परिषदेच्या अध्यक्षासारखं. माझाही यात बराच काळ गोंधळ होता.) मल्याळी मंडळी चर्चनंतर एकत्र बसून बॅलट वाचतात, हे मी माझ्या शेजारणीकडून शिकले. आपली मराठी मंडळंही गणपतीला हजार माणसं जमवतात.

भारतातल्या नातेवाइकांनी हे वाचलं तर त्यांनाही एक विचारते. शिक्षण हक्क कायद्यानं तुमच्या गावच्या शाळेत शाळा व्यवस्थापन समिती आहे, तिच्यात तीन चतुर्थांश पालक असायला हवेत आणि निम्म्या बायका. तुमच्या शाळेची समिती शेवटची कधी बसली, सदस्य कोण आहेत, हे माहीत आहे का? माझ्या बहिणीला माहीत नव्हतं. तिनं जाऊन विचारलं, तर रजिस्टरमध्ये तिचीच सही होती, तिनं न केलेली. पुढच्या सभेला ती जाऊन बसली आणि आता दर सभेला जाते.

न्यायाधीशांची निवडणूक आज ना उद्या बदलावी असं मला वाटतं, पण बदलेपर्यंत माझी जागा कोरी सोडणार नाही. उमेदवार किती वर्षं वकिली करतोय ते बघते. २०२१ मध्ये लोकांनीच मत देऊन जिल्हा न्यायाधीशासाठी ४ ऐवजी ८ वर्षांची अट घातली, ती आता लागू झालीय. कोणत्या प्रकारचे खटले चालवलेत, देणग्या कुणाच्या, वकील संघटनेच्या पाहणीत त्याच्या कोर्टात वकिलांना कशी वागणूक मिळते, तारखा वेळेवर लागतात का. ही शेवटची गोष्ट मी वडिलांसाठी बघते. कोर्टात जाऊन मागच्या बाकावर बसायलाही कुणाची परवानगी लागत नाही. मी दोनदा जाऊन बसलेय.

मतदान केंद्रात फोन चालत नाही, कागदाची चिठ्ठी चालते. म्हणून मी घरीच नमुना बॅलट छापून, नावं वाचून, चिठ्ठी करून नेते. येत्या मे महिन्याच्या मतदानाआधीच्या शनिवारी दुपारी ३ वाजता आमच्याकडे बसायचं ठरवलंय. कोणत्या पक्षाचे आहात हे विचारणार नाही, शाळा मंडळाच्या निवडणुकीत तो छापलेलाही नसतो. आपापलं नमुना बॅलट छापून आणा, प्रत्येकाचा प्रभाग वेगळा असू शकतो. दहावी-अकरावीतल्या मुलांनाही आणा, शाळेत नक्की काय चाललंय ते त्यांनाच जास्त माहीत असतं. येणार असाल तर खाली लिहा, त्या हिशेबानं पोहे भिजवते.