खिडकीची जागा

सकाळी सकाळी एक रील समोर आलं. अंतराळयानाच्या कॅप्सूलमधून उतरलेली पर्यटक मंडळी ढसाढसा रडतायत, एकमेकांच्या गळ्यात पडतायत आणि खाली लिहिलंय, 'अंतराळ आता सर्वांसाठी!' सर्वांसाठी? डोकंच फिरलं माझं.

२००४ साली मी बाबांना पहिल्यांदा विमानात बसवलं. खिडकीची जागा. उतरेपर्यंत काचेला कपाळ टेकवून बसले होते, चहासुद्धा घेतला नाही. उतरताना म्हणाले, "याच्याही वर कधी जाता येईल गं?" त्याच वर्षी 'स्पेसशिपवन' हे खासगी यान १०० किलोमीटरच्या वर, म्हणजे अंतराळात, जाऊन आलं होतं. मीही ठोकून दिलं, "दहा-पंधरा वर्षांत, बाबा. विमानासारखंच स्वस्त होईल."

झालं काय? व्हर्जिन गॅलॅक्टिक या अंतराळ-सहलींच्या कंपनीचं तिकीट सुरुवातीला २ लाख डॉलर होतं, २०२१ मध्ये साडेचार लाख झालं. आणि त्यांचा पैसे भरलेला पहिला पर्यटक उडाला कधी, तर २०२३ मध्ये! डेनिस टिटो या अमेरिकन पर्यटकाने २००१ मध्ये अंतराळ स्थानकावर जायला २ कोटी डॉलर मोजले म्हणतात. २०२२ मध्ये ॲक्सिअम या कंपनीच्या तिथल्याच सहलीला माणशी साडेपाच कोटी डॉलर. धन्य ती स्वस्ताई.

आता कोणीतरी येईलच, "विमानही आधी श्रीमंतांचंच होतं." कान किटले हे ऐकून. अहो, विमान ऑक्सिजन बाहेरच्या हवेतून घेतं, रॉकेटला तो सोबत वाहून न्यावा लागतो. ब्लू ओरिजिन कंपनीची वर जाऊन लगेच खाली येणारी दहा-अकरा मिनिटांची उडी एक वेळ परवडेल, पण पृथ्वीभोवती कक्षेत राहायचं तर ताशी २८,००० किलोमीटर वेग लागतो. आणि विमानाने लोकांना कुठेतरी पोचायचं असतं! इथे जिथून उडालो तिथेच परत. अशा फेरीला रोजची गर्दी कुठून होणार?

बरं, रॉकेट पुन्हा वापरता येतं, उपग्रह पाठवणं स्वस्त झालंय. मान्य. माझ्या बाबांना त्याचं काय?

खरं सांगू, मला त्या रीलचा एवढा राग आला नाहीये. माझ्या 'दहा-पंधरा वर्षांत'चा आलाय. किती सहज बोलून गेले मी. वॅली फंकबाई, अमेरिकन वैमानिक, १९६१ मध्ये अंतराळवीरांच्या चाचण्या पास झाल्या होत्या, बाई म्हणून राहून गेल्या आणि २०२१ मध्ये ८२ व्या वर्षी वर जाऊन आल्या. तेव्हा मीही रडले होते, कबूल. पण त्याही ब्लू ओरिजिनच्या पाहुण्या म्हणून गेल्या, तिकीट काढून नाही. बाबा आता ८२ चेच आहेत.

दुपारी त्यांना ते रील दाखवलं. रडणाऱ्यांकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. "खिडकी केवढी आहे?" म्हणाले. शोधून सांगितलं, साडेतीन फूट उंच.

"आपल्या विमानाची केवढीशी होती गं," म्हणाले, आणि चष्मा पुसून रील परत पहिल्यापासून लावायला लावलं.