संपलेला सेल नक्की कुठे संपतो?

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पंधरा दिवसांत तीनदा आलेला मजकूर असा: 'घड्याळ, खेळणी, बीपी मशीनमधले संपलेले सेल फेकू नका! कोणत्याही एलईडी टॉर्चमध्ये घाला, महिनोनमहिने चालतील. नवे-जुने एकत्र चालतात. मंद झाले तर उन्हात ठेवा, पुन्हा चार्ज होतात. पूर्ण संपलेला सेल निर्धोक, रोजच्या कचऱ्यात टाका. वीज वाचवा!' खाली अंगठ्यांची रांग. त्यात माझाही एक आहे, कारण 'फेकू नका' एवढं मला पटतं. भांडण आहे ते पुढच्या मजकुराशी.

आधी 'संपलेले' या शब्दाचं बघू. सेल संपला की नाही, हे तो ज्या वस्तूत बसलाय ती वस्तू ठरवते. नवा अल्कलाइन पेन्सिल सेल साधारण 1.6 व्होल्ट दाखवतो, वापरात 0.9च्या खाली गेला की काढण्यासारखं फारसं उरत नाही. बीपी मशीनला पट्टा फुगवायला पंप चालवावा लागतो, एकदम भरपूर करंट लागतो, म्हणून ते लवकर हात वर करतं. आईच्या मशीनने बॅटरी संपल्याची खूण दाखवली तेव्हा चारही सेल मी मल्टिमीटरला लावून पाहिले. 1.28, 1.31, 1.30, 1.29. यांना संपलेले म्हणायचं? याउलट भिंतीवरचं घड्याळ चिमूटभर करंटवर वर्षभर चालतं आणि सेल जवळजवळ कोरडा करूनच थांबतं. स्वयंपाकघरातलं थांबलं तेव्हा त्याचा सेल 1.05वर होता. म्हणजे बीपी मशीनचे सेल सरळ टॉर्चमध्ये घालणं ही काटकसर नव्हे, उधळपट्टी आहे. ते आधी घड्याळात आणि रिमोटमध्ये जाऊ द्या, तिथे आरामात काही महिने काढतील. टॉर्चची पाळी शेवटी.

तीही 'कोणत्याही' टॉर्चची नाही. पांढऱ्या एलईडीला साधारण 3 व्होल्ट लागतात. तीन बारीक सेलांच्या साध्या टॉर्चमध्ये प्रत्येक सेल 1 व्होल्टवर आला तरी बेरीज 3 होते, म्हणून ती मिणमिणत का होईना, लागते. एका सेलच्या टॉर्चमध्ये मात्र व्होल्टेज वाढवणारं सर्किट हवंच. हौशी मंडळी त्यासाठी 'ज्यूल थीफ' बनवतात: एक ट्रान्झिस्टर, एक रेझिस्टर आणि दोन वेटोळी गुंडाळलेलं फेराइटचं कडं. 1999मध्ये एका ब्रिटिश इलेक्ट्रॉनिक्स मासिकात हे सर्किट छापून आलं, पुढे ते या नावाने जगभर पसरलं. मी कडं काढलं बिघडलेल्या सीएफएलमधून. घड्याळाने सोडलेल्या त्याच 1.05च्या सेलवर या सर्किटचा एलईडी बाथरूमबाहेर चार रात्री तेवला, चौथ्या रात्री काजव्याएवढा. महिनोनमहिने? रोज दोन मिनिटं लावलीत तर निघतीलही. पण मग महिनाभर टॉर्च बंदच असते की!

सगळ्यात घातक वाक्य 'नवे-जुने एकत्र चालतात' हे. टॉर्चमध्ये सेल एकामागोमाग एक जोडलेले असतात, सगळ्यांतून तोच करंट जातो. दोन ताजे आणि एक थकलेला घातला, तर थकलेला संपल्यावरही ताजे दोघे त्याच्यातून करंट ढकलत राहतात. त्याची ध्रुवता उलटते, म्हणजे अधिक-उणे टोकांची अदलाबदल होते, आत वायू साठतो आणि सेल पाझरतो. अल्कलाइनमधून बाहेर येतं ते पोटॅशियम हायड्रॉक्साइड, म्हणजे त्वचा आणि डोळे भाजणारा क्षार. वाळल्यावर स्प्रिंगवर पांढरी खपली दिसते. साध्या कार्बन-झिंक सेलमध्ये तर जस्ताचा डबाच खर्च होत असतो, भिंत झिजून भोक पडतं. म्हणून थकलेले घालायचेच तर सगळे एकाच वस्तूतून एकदम काढलेले घाला, आणि पावसाळ्यात वीज गेल्यावर हाताशी हवी असलेली टॉर्च या प्रयोगातून वगळा. ऐन अंधारात झाकण उघडेना, म्हणून पाहिलं तर स्प्रिंग खपलीने चिकटलेली, हे मी भोगलंय.

आणि हो, हा सगळा खेळ एकदा वापरून टाकायच्या सेलांचा. रिचार्जेबल सेल असे पिळून काढले तर कायमचे खराब होऊ शकतात. लिथियमचा सेल फार खाली नेऊन पुन्हा चार्जिंगला लावणं तर धोक्याचंच.

उन्हाचा उपाय जुना आहे. रेडिओवरची मॅच ऐकण्यासाठी पत्र्यावर सेल वाळत घालणारे आजोबा अनेकांनी पाहिले असतील. सेल गरम झाला की आतला रोध कमी होतो, शिवाय विश्रांतीमुळे आतली रसायनं थोडी सावरतात, म्हणून दहा-पंधरा मिनिटं जीव येतो. चार्जिंग मात्र काडीचंही होत नाही, उलट उष्णतेने गळती लवकर होते.

विजेच्या बचतीचा हिशोब तोंडीच होतो. अल्कलाइन पेन्सिल सेलमध्ये नवा असताना साधारण 3 वॅट-तास असतात. एक युनिट म्हणजे 1000 वॅट-तास. म्हणजे तीनशेहून जास्त कोरे करकरीत सेल मिळून एक युनिट! तळाशी उरलेल्या थेंबांनी कुठलं बिल उतरायचं?

राहिला कचरा. सेल रिकामा झाल्याने त्यातलं जस्त, मँगनीज कुठे जात नाही. 2022च्या बॅटरी कचरा नियमांत हे छोटे सेलही येतात. ते गोळा करून त्यांच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर आहे. बटण सेल तर 'संपलेला' असला तरी लहान मुलाने गिळल्यास दोन तासांत अन्ननलिका भाजू शकतो. आमच्याकडे ते दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून बरणीत जातात, बरणी वरच्या फळीवर असते, आणि भरली की ई-कचरा संकलनाला देतो.