चोरीचा माल घेताय? आधी देश निवडा

चोरीचा माल म्हटला की आपली माणसं लगेच भाव करायला बसतात. तसं करू नका. भाव नंतर, आधी देश ठरवा. माल तोच, चोर तोच, पण सीमा ओलांडली की तुम्ही कुठे आरोपी ठरता, कुठे चक्क मालक.

इंग्लंडला जायला तुम्हाला उशीर झाला. तिथे ‘मार्केट ओव्हर्ट’ नावाचा शतकानुशतकांचा नियम होता. ठरावीक खुल्या बाजारात, सूर्योदय ते सूर्यास्त या वेळात, सद्हेतूने विकत घेतलेली वस्तू तुमची. मग ती आदल्या रात्री कुणाच्या का दिवाणखान्यातून निघालेली असेना. चोरानं रात्री राबायचं, गिऱ्हाईकानं उजाडायची वाट बघायची. लंडनचा बर्मंडसी बाजार त्यासाठीच नावाजलेला. १९९४ साली संसदेनं हा नियम मोडीत काढला. परंपरेची कदर राहिली नाही, दुसरं काय!

इटलीत मात्र अजून वाव आहे. फक्त रस्त्यावर चादर पसरून बसलेल्याकडून नकली ब्रँडची पर्स घेऊ नका, खरेदीदारालाच ७,००० युरोपर्यंत दंड होऊ शकतो. त्यापेक्षा अस्सल घ्या, चोरीची. तिथल्या दिवाणी संहितेचं कलम ११५३ सांगतं की वस्तू चोरीची आहे हे ठाऊक नसताना रीतसर व्यवहारानं ताब्यात आली, तर मालकी तुमची. गाडीच्या फंदात पडू नका, तिची सरकारदरबारी नोंद असते. बाकी निरागस चेहरा घरून घेऊन जा.

जपानचा विचारच सोडा. तिथे साध्या सायकलीचीही नोंदणी असते आणि पोलीस रस्त्यात थांबवून नंबर ताडून बघतात. बेवारस दिसली म्हणून उचललीत तरी गुन्हा. उलट सापडलेलं पाकीट चौकीत दिलंत, तर मालकाकडून ५ ते २० टक्के बक्षिसी घेण्याचा हक्क, आणि ३ महिन्यांत मालक आला नाही तर रोख सहसा तुमचीच. (छत्र्या तिथेही जातात म्हणे. पावसापुढे संस्कृतीचं चालत नसावं.)

आता घरी या. आपला कायदा कडक आहे. चोराकडेच मालकी नाही तर तुम्हाला ती कुठून मिळणार, असं १९३० चा मालविक्री कायदा विचारतो. माहीत असून माल घेतलात तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली ३ वर्षांपर्यंत कैद. आणि मुंबईत मटण स्ट्रीटला ‘चोर बाजार’ या नावानंच बाजार भरतो. जुनं फर्निचर, ग्रामोफोन, काल बनवलेल्या पुरातन मूर्ती, सगळं उघड.

सराफ असाल तर जपून. पकडलेला चोर ज्या दुकानाकडे बोट दाखवील तिथून ‘रिकव्हरी’, म्हणजे चोरीच्या सोन्याची पोलिसी वसुली, निघते; सोनं घेतलं नसलं तरी निघते, अशी सराफांची जुनी तक्रार आहे.

पण खरा सल्ला, ज्याचं गेलं त्याला. मोबाईल लोकलमध्ये मारला गेला? पोलीस ठाण्यात जाऊन ‘चोरी’ म्हणालात की समोरचं पेन खाली ठेवलं जातं. मग प्रेमानं विचारतील, “चोरीला गेला, की गहाळ झाला?” गहाळच म्हणा. गहाळ वस्तूला चोर लागत नाही, तपास लागत नाही, हद्दीतला गुन्ह्यांचा आकडाही हलत नाही. दाखला लगेच मिळतो, त्यावर नवं सिमकार्डही मिळतं.

२०२३ पासून केंद्राच्या पोर्टलवर आयएमईआय नंबर, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, टाकून फोन ब्लॉक करता येतो, त्यामुळे काही फोन खरोखर परत येतात. तशी वेळ आली तर इस्त्रीचा शर्ट काढून ठेवा. जानेवारीतल्या पोलीस स्थापना सप्ताहात मुद्देमाल परत देण्याचे सोहळे होतात. साहेब तुमचाच फोन तुम्हाला प्रदान करतील. फोटो निघेपर्यंत तो पूर्ण हातात घेऊ नका, एक टोक साहेबांकडे राहू द्या. मग माईक पुढे येईल, मनोगतासाठी. आभार माना आणि खाली उतरा. गहाळ झालेला फोन तिसऱ्याच माणसाच्या खिशात कसा सापडला, हे तिथे विचारू नका.