सवलत म्हणू नका

दुपारपासून डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय. आज विज्ञानाची घटक चाचणी होती. घंटा झाली आणि पर्यवेक्षकांनी माझ्या मुलाच्या हातातून उत्तरपत्रिका काढून घेतली. त्याचं 'प्रकाशसंश्ले' एवढं लिहून झालं होतं. 'षण' राहिलं.

सातवीत आहे तो. डिसग्राफिया आहे. डोक्यात सगळं असतं, हातातून उतरत नाही. जोडाक्षर आलं की थांबतो, लिहितो, खोडतो, परत लिहितो. घरी आल्यावर दप्तर पाठीवर तसंच ठेवून त्याने मला ते उत्तर तोंडी सांगितलं. हरितद्रव्य, सूर्यप्रकाश, पाणी, पानावरची रंध्रं, काही म्हणजे काही सुटलं नाही. मग विचारलं, "आई, अर्ध्या शब्दाला अर्धा मार्क देतात का गं?"

काय सांगायचं त्याला?

सरकारी रुग्णालयाचं प्रमाणपत्र जूनमध्येच शाळेत दिलंय. ते मिळवायला किती खेटे घातले ते माझं मला माहीत. आज फोन केला तर उत्तर काय, "अहो, त्या सवलती दहावीला. आत्तापासून जादा वेळ दिला तर बाकीच्या मुलांवर अन्याय होईल."

अन्याय? दहावीपर्यंत पाच वेळा नापासाचा शिक्का बसला की हा मुलगा दहावीला बसायला तरी राहील का शाळेत?

आणि हा शब्द, सवलत! सवलत देणारा मोठा होतो, घेणाऱ्याला हात पसरावा लागतो. 1995 च्या अपंग कायद्यात अध्ययन अक्षमतेचं (डिसग्राफिया त्यातलाच) नावसुद्धा नव्हतं. कितीतरी मुलं 'ढ', 'आळशी' ऐकत मोठी झाली. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात ही अक्षमता अपंगत्वाच्या 21 प्रकारांमध्ये आली. कलम 17 मध्ये जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट असं चक्क लिहिलंय. 'फक्त दहावीला' हे त्यात कुठे आहे ते मला कोणीतरी दाखवा. कायद्याच्या नावातच 'हक्क' आहे. 2021 मध्ये डिसग्राफिया असलेल्या एका मुलीला 'नीट'मध्ये तासभराचा जादा वेळ दिला नाही, तर ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि न्यायालयाने परीक्षा घेणाऱ्यांना सुनावलं. एवढ्याशा वेळासाठी पोरांनी दिल्लीपर्यंत जायचं का?

हो, वर्गात साठ मुलं आहेत, बाई एकट्या आहेत, विशेष शिक्षक शाळेत नाहीत. मान्य. बाईंवर राग नाही माझा. गेल्या वर्षी त्यांनीच त्याला फळ्यावर न बोलावता जागेवरून उत्तर द्यायला सांगितलं होतं, त्या दिवशी तो उड्या मारत घरी आला होता. त्यांनाही कोणी कधी नीट समजावून सांगितलं नसणार.

पण तासाला वीस मिनिटंच मागतोय ना आम्ही? तेवढ्यात त्याचं 'षण' लिहून झालं असतं. पुढच्या दोन ओळीही.

नातेवाईक म्हणतात, किती भांडशील, शाळा त्याच्यावर डूख धरेल. ही भीती मलाही आहे, खोटं कशाला बोलू. म्हणून तर दोन वर्षं गोड बोलून, हात जोडून बघितलं. दर जूनला नवे वर्गशिक्षक, परत पहिल्यापासून सगळं सांगायचं. तोंडी 'हो हो, बघू' ऐकून मी घरी यायचे आणि कागदावर काहीच नसायचं. चूक माझीही झाली. तुमच्यापैकी कोणाचं मूल असं असेल तर तोंडी काही ठेवू नका. अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर तारीख, सही, शिक्का घ्या.

झोपलाय आता. झोपताना म्हणाला, "उद्या भूगोल आहे, त्यात जोडाक्षरं कमी असतात." धीर मलाच देत होता.

उद्या अकरा वाजता मुख्याध्यापकांकडे जातेय. अर्जाच्या दोन प्रती काढून ठेवल्यात. पोच मिळाल्याशिवाय उठणार नाही.